लाल रिबिनीची बाटली

पाक ओतला आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळं गढूळ झालं.

क्षणापूर्वी पातेल्यातला अर्क असा नितळ पिवळा होता, की तळाशी कोरलेलं माझ्या नवऱ्याचं नाव वाचता येत होतं. वाटीभर पाक पडला आणि नाव गेलं. ढवळलं, तर आणखीच दाट. तांदळाच्या धुवणात हळद पडावी तसं दिसायला लागलं.

"जेजू!" माझ्या तोंडून येशूचं नाव निघालं.

"काय गं सांडलंस?" ओटीवर सासूबाई चवळी निवडत बसल्या होत्या, तिथून त्यांनी विचारलं.

"काही नाही, आई. चटका बसला."

"मग लक्ष ठेवून करावं."

जसिंताला चटका बसला असता तर त्या गुडघे दुखत असूनही मलम घेऊन धावल्या असत्या. जसिंता म्हणजे माझी धाकटी जाऊ. लग्नाला तीन वर्षं झालेली. मला त्या घरात चौदा झाली होती. पण माझ्या चौदाची किंमत तिच्या तिनाएवढी नव्हती, हे मी तेव्हा रोज स्वतःला ऐकवत असे.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं घर वसईत, आणि आमच्या घराचं नाव होतं ते सासूबाईंच्या वाइनमुळे. जांभळाची, आल्याची, बिटाची. पाच गावांतल्या लग्नांना 'एस्तेरबायची वाइन' लागायची. माळ्याखालच्या अंधाऱ्या खोलीत त्यांच्या अकरा चिनी मातीच्या बरण्या होत्या आणि त्यांना त्या स्वतः सोडून कुणाला हात लावू देत नसत. धुवायला मात्र मी. जांभळं कुस्करायला मी, फडकी उकळायला मी, बरण्या उन्हात ठेवायला मी. साखर किती आणि कधी, हे त्या दार लावून ठरवत.

आता त्यांचे हात थरथरायला लागले होते. बरण्या कुणाकडे जाणार, हा प्रश्न होता. माझ्या मते प्रश्नच नव्हता. पण त्या वर्षी जसिंतानं न वाळवलेल्या बरणीत बिटाची वाइन भरून सगळी नासवली, आणि सासूबाई काय म्हणाल्या? "असू दे गं, चुकत चुकतच येतं." आणि हसल्या! माझ्याकडून तसं झालं असतं तर नाताळपर्यंत ऐकवलं असतं. त्या दिवशी मला कळलं, की बरण्या तिच्याकडे सरकतायत.

अशात माझ्या मधल्या दिरांचं पत्र आलं. ते फादर. फादर व्हॅलेरियन. रोममध्ये सहा वर्षं शिकत होते आणि आता परत यायचे होते. पत्रात लिहिलं होतं, 'आई, इथं जेवण झाल्यावर लिंबाची एक गोड दारू छोट्याशा ग्लासात देतात, लिमोनचेलो म्हणतात. तुझ्या हातची ती एकदा प्यायची इच्छा आहे.' खाली कृती होती. लिंबाची नुसती पिवळी साल काढायची, पांढरं लागलं की कडू. कडक स्पिरिटमध्ये ती महिनाभर तरी अंधारात मुरवायची. मग साखरेचा पाक थंड करून घालायचा, गाळायची आणि फ्रीझरमध्ये ठेवायची. रस कुठंच नाही! सासूबाईंनी पत्र दोनदा वाचायला लावलं. "लिंबाची दारू आणि रस टाकून द्यायचा? रोमला जाऊन पोरगं बिघडलं," म्हणाल्या.

मग चष्मा काढून त्यांनी आम्हा दोघींकडे बघितलं. "माझ्याच्यानं सोलणं होणार नाही. तुम्ही करा. दोघी वेगवेगळी करा. व्हॅलीला जिची आवडेल तिच्या हातात माझ्या बरण्या."

झालं. इतकी वर्षं राबून मी आता परीक्षेला बसणार, आणि तीसुद्धा तिच्या शेजारी!

माझा नवरा इनास शिपवर नोकरीला होता. त्यानं पोलंडच्या स्पिरिटच्या दोन बाटल्या आणल्या. पिण्याचंच, पण पंच्याण्णव टक्के. "चुलीजवळ नेऊ नका, घर उडेल," म्हणाला. एक मला, एक जसिंताला.

बाजारातल्या कागदी लिंबांना साल ती केवढी? मी माहेरी गेले. आमच्या विहिरीजवळ ईडलिंबाचं जुनं झाड होतं. मुठीत न मावणारी फळं, जाड खडबडीत साल आणि नख लागलं तरी हाताला दिवसभर वास. पंचवीस आणली. मासे सोलायच्या धारदार सुरीनं साल काढली, उलटी करून पांढरं खरवडलं, बोटं सोलवटली. सोललेली लिंबं बघून शेजारीण म्हणाली, "ही काय नागडी करून ठेवलीस?" त्यांचं लोणचं घातलं. चाळीस दिवस बरणी कपाटात, वर काळं फडकं. रोज उठून हलवायची. पोटच्या पोरालाही कुणी पाहत नसेल इतकं मी त्या बरणीला पाहिलं.

आणि जसिंता? हिला आठवण झाली दहा दिवस उरल्यावर! डझनभर कागदी लिंबं आणली आणि खिसणीवर घासली. मला येऊन हसत सांगते कशी, "वहिनी, त्या स्पिरिटचा असला झटका लागला नाकाला! मी मेलीनं निम्मं पाणीच घातलं. चालेल ना?"

"चालेल की," मी म्हटलं.

"साल आणखी घालू का? फिकी वाटते."

"कशाला? पुरे झाली तेवढी."

असं मी म्हटलं. खोटं कशाला सांगू? मला ठाऊक होतं की पुरे नाही.

आणि आता बघा. शुक्रवारी तिनं आपला पाक घातला. तिची बाटली काचेसारखी स्वच्छ, फिक्या पिवळ्या रंगाची. आणि माझी, चाळीस दिवसांची, धुवणासारखी. आमच्या घरात गढूळ म्हणजे काय ते सांगायला नको. सासूबाईंचा नियमच होता. वाइनचा ग्लास डोळ्यांसमोर धरायचा आणि त्यातून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायची. वाचता आली तर पाहुण्यापुढे, नाही तर मोरीत. गढूळ वाइन म्हणजे बाईचा हात गढूळ, असं त्या चारचौघांत म्हणत.

ती शनिवारची दुपार मी गाळण्यात घालवली. मलमलचं फडकं, मग दुहेरी फडकं, मग कापूस. सालीचा कण न् कण निघाला, गढूळपणा तसाच. बोट बुडवून चाखलं, तर चव मात्र अशी, की डोळे मिटले. पण चव कोण बघणार? आधी तारीख वाचणार. शेवटी रडत रडत स्पिरिटच्या रिकाम्या बाटलीत भरली.

बाटल्या दोघींच्या सारख्याच, म्हणून सासूबाईंनी रिबिनी दिल्या होत्या. लाल थोरलीची, पांढरी धाकटीची. आधी आपण कुणाचीच बघायची नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं. मी माझ्या बाटलीच्या गळ्यात लाल रिबीन बांधली आणि फ्रीझरमध्ये तिच्या बाटलीशेजारी ठेवली. दोघी शेजारी शेजारी, एक गोरी आणि एक डागाळलेली. फ्रीझरचं दार मी आपटलं.

रविवारी सकाळी फादर आमच्या चर्चमध्ये मिस्सा म्हणणार होते. अख्खं घर नटून निघालं. जसिंता गायनमंडळात, निळी साडी, केसांत अबोली. मटण चुलीवर होतं म्हणून कुणीतरी मागं राहायला हवं होतं. कोण राहणार? विचारलंसुद्धा नाही कुणी. सासूबाई जसिंताचा हात धरून रिक्षात बसताना म्हणाल्या, "बाय, तू माझ्याजवळ बस." मला चौदा वर्षांत त्यांनी कधी असं लाडानं 'बाय' म्हटलं नव्हतं.

रिक्षा वळली. मी मटण ढवळलं, हात धुतले, पुसले. फ्रीझर उघडला. दोन गाठी सोडल्या, दोन बांधल्या. लाल तिच्या बाटलीला, पांढरी माझ्या. दोन मिनिटांचं काम. पश्चात्ताप म्हणाल तर तिळाएवढा नव्हता. मला वाटत होतं, मी न्याय करतेय. ती हसण्यावारी नेईल, तिचं सगळंच हसण्यावारी जातं. मग मी देवाच्या तसबिरीकडे पाठ करून कांदा चिरत बसले.

जेवायला आम्ही सहाजण. फादर, सासूबाई, इनास, माझा धाकटा दीर ग्रेगरी, जसिंता आणि मी. फादर बारीक झाले होते, पण मटण चार वेळा घेतलं. जेवण उरकल्यावर सासूबाईंनी पदर खोचला. "आण गं त्या बाटल्या."

आधी लाल रिबिनीची. ग्लासात ओतली, डोळ्यांसमोर धरली.

"बावीस!" सासूबाई म्हणाल्या. "तारीख काय, खालचा सणसुद्धा वाचता येतोय. याला म्हणतात थोरलीचा हात."

थोरलीचा हात! चारचौघांत! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. जसिंता समोरच बसली होती. ती बाटलीकडे बघत होती, मग रिबिनीकडे, मग माझ्याकडे. मी मिठाचं भांडं उगाच सरळ केलं.

फादरांनी घोट घेतला. जिभेवर फिरवला. "छान आहे," म्हणाले. "हलकी आहे. सरबतासारखी."

पांढऱ्या रिबिनीची बाटली आली. सासूबाईंनी ओतली आणि ग्लास वर करायच्या आधीच त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाई, ही तर नासली. जसिंता, काय केलंस हे? व्हॅली, ही नको पिऊस रे."

त्या ग्लास मागं घेत होत्या. फादरांनी त्यांचा हात धरला.

"आई, थांब! ही नासली नाही. ही अशीच असते!"

"अशी? गढूळ?"

"गढूळच असायला हवी. सालीतलं तेल स्पिरिटात उतरलं, की पाक पडल्याबरोबर ती दुधाळ होते. ज्यात तेलच नाही, ती स्वच्छ राहते. मी पत्रात लिहायला विसरलो." त्यांनी घोट घेतला. ग्लास खाली ठेवला, डोळे पुसले. पुन्हा उचलला. "इटलीत सोरेंतोला एका म्हाताऱ्या सिस्टरनं मला अशी दिली होती. त्यानंतर आजच."

पुढचं मी कसं ऐकलं, मला ठाऊक नाही.

फादर आता थांबत नव्हते. मी केलेला साधा स्पंज केक मागवला आणि त्यावर ती चमच्यानं ओतली. "घे आई, खा. तिकडे केक असा भिजवतात. सायीत फेटून घालतात, फळांवर टाकतात, बर्फाचा गोळा करतात. कोळंबी भाजली की तिच्यावरसुद्धा शिंपडतात."

"फादर," ग्रेगरी म्हणाला, "रोमला देवाचं शिकलात की खानावळीचं?"

सगळे हसले. सासूबाईंनी केकचा तुकडा तोंडात टाकला, चघळला, आणि थरथरता हात जसिंताच्या डोक्यावर ठेवला. "माझं बाय ते! मी बघितल्याबरोबर टाकून देणार होते."

"कोणती लिंबं घेतलीस गं?" फादरांनी तिला विचारलं.

जसिंता उठून उभी राहिली. ओठ उघडले. मला कळलं, आता सांगणार. सगळ्यांसमोर. मी तिच्याकडे बघून मान हलवली. नको, नको. भीक मागितल्यासारखी.

तिनं माझ्याकडे बघितलं.

"वहिनींच्या माहेरची ईडलिंबं," ती म्हणाली. "विहिरीजवळचं झाड आहे."

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "लिंबं थोरलीच्या माहेरची, पण हात पडला धाकटीचा. बरण्या तुझ्या गं, बाय."

मी ताटं उचलली आणि मागं मोरीवर गेले. नळ सोडला. माझी बाटली! माझी चाळीस दिवसांची, सोलवटलेल्या बोटांची, आणि मी स्वतःच्या हातानं, गाठ मारून, तिला देऊन टाकली! कुणाला सांगू? काय म्हणून सांगू? की जिंकलेली बाटली माझी आहे, मी फक्त चोरी केली होती? ताट इतकं घासलं की हातातून सटकलं.

दार लोटल्याचा आवाज आला. जसिंता आत आली आणि तिनं कडी लावली.

"वहिनी, रिबिनी तुम्ही बदलल्यात."

मी वळले नाही. म्हटलं, ओरडू दे आता. थोबाडीत मारू दे. बरंच होईल.

"मला शुक्रवारीच कळलं होतं माझी पाणचट झालीय," ती म्हणाली. "ग्रेगरीला विचारा, मी रात्रभर रडले. सगळ्यांसमोर हसं होणार होतं माझं. इथं मी काही केलं की बिघडतं, मग सगळे हसतात, म्हणून मीही हसते. आई माझी मी पाच वर्षांची असताना गेली. लोणचं कसं घालतात हेसुद्धा मला कुणी दाखवलं नाही, वहिनी."

मी नळ बंद केला.

"तुम्ही माझी बघितलीत ना फ्रीझरमध्ये? कळलं ना तुम्हाला की मी हरणार? आणि आपली चांगली बाटली माझ्या नावावर केलीत." ती माझ्या पाठीवर कपाळ टेकून रडायला लागली. "चौदा वर्षं राबलात या बरण्यांसाठी. आणि मला देऊन टाकल्यात. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं असं."

बाई गं! हिला वाटत होतं, मला सगळं ठाऊक होतं. गढूळ म्हणजे चांगली, हे थोरलीला माहीत नसेल असं होईल का? हिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मी तिच्या जागी असते तर माझ्या डोक्यात सगळ्यात आधी ते दुसरंच आलं असतं.

सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. बाहेरून सासूबाईंचं हसू ऐकू येत होतं.

"गप," मी म्हटलं. "डोळे पूस. कुणाला सांगू नकोस."

ही विनवणी होती. तिला तो मोठेपणा वाटला. तिनं माझे ओले हात आपल्या डोळ्यांना लावले.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला शिकवायला बसले. न शिकवून सांगते कुणाला? साल कशी काढायची, फडकं कसं उकळायचं, बरणी किती दिवस उन्हात ठेवायची. ती मन लावून शिकली. सासूबाई गेल्या, तेव्हा 'एस्तेरबायची वाइन' जाऊन 'जसिंताबायची' झाली होती, आणि लग्नांत केकवर घालायला लोक तिची लिमोनचेलो आधीपासून सांगून ठेवायला लागले. दर नाताळला पहिली बाटली ती माझ्या घरी आणते. मी गोड लागते म्हणून सांगते आणि कपाटात ठेवून देते.

तिनं शब्द मात्र पाळला. पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. गेल्या वर्षी फादरांच्या पौरोहित्याला चाळीस वर्षं झाली, पॅरिश हॉलमध्ये कार्यक्रम होता, तीनशे माणसं. जसिंताला चार शब्द बोलायला बोलावलं. तिनं माइक घेतला आणि म्हणाली, "आज मी एक वचन मोडणार आहे. वहिनी, मला माफ करा."

आणि सांगितलं. सगळं. पाणचट बाटली, गढूळ बाटली, रिबिनी, आणि मिस्साच्या वेळी घरी एकटी राहिलेली तिची थोरली जाऊ, जिनं आपलं सगळं उचलून तिला दिलं आणि वर कुणाला सांगू नकोस म्हणाली. हॉलमध्ये बायका पदरानं डोळे टिपत होत्या. फादर खुर्चीतून उठून माझ्याकडे बघत होते. इनासनं माझा हात घट्ट धरला. "मलासुद्धा कधी बोलली नाहीस," म्हणाला. साठी उलटलेला माणूस, सगळ्यांदेखत डोळे पुसत होता. उभ्या जन्मात त्यानं माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

टाळ्या सुरू झाल्या. थांबेनात. मी आयुष्यभर जसिंताचा हेवा केला, तिच्या हसण्याचा, तिच्या अबोलीचा, सासूबाईंच्या तोंडच्या 'बाय'चा. पण त्या संध्याकाळी माझ्या पोटात जशी आग पडली, तशी कधी पडली नव्हती. जिच्यासाठी टाळ्या वाजत होत्या, जिच्याकडे माझा नवरा भरल्या डोळ्यांनी बघत होता, त्या बाईचा मला हेवा वाटत होता.

"उठ गं," इनास म्हणाला. "लोक वाट बघतायत."

मी पदर सावरला, उठून उभी राहिले आणि हात जोडले.